काचेमागची नोटीस

“आता कशी साहेबाची नोटीस वाटते बघ!” सेक्रेटरी काका वॉचमनला म्हणत होते. मी दुधाची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी होते. काकांनी काचेच्या फळ्यात कागद लावला, कुलूप घातलं आणि मला शाबासकी म्हणून अंगठा उंचावून दाखवला. मी खाली बघून हसले.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नोटीस इंग्रजीतच लागते. मराठीतली कोणी मनावर घेत नाही, असं काकांचं मत. पण ते मनात मराठीच जुळवतात, त्यामुळे इंग्रजी शब्द भलत्याच क्रमाने येतात. माझी शाळा इंग्रजी, म्हणून दहावीपासून ते कागद माझ्याकडे येतात. शब्द जागेवर बसवायचे आणि परत द्यायचे. तोंड न उघडता होणारं काम, मला आवडायचं.

ही नोटीस आधी दोन महिने लागलेली होती. ‘सर्व्हंट्स लिफ्ट यूजिंग नॉट.’ लोक हसायचे, कामाला येणाऱ्या बायका लिफ्टनेच वर जायच्या. मी तिचं ‘डोमेस्टिक स्टाफ मस्ट यूज द स्टेअर्स’ केलं. पाच मिनिटं लागली. ‘सर्व्हंट्स’ काढल्याबद्दल मनात स्वतःची पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी उंबऱ्यातच बसल्या.

“पाच माळे चढान ढोपरां गेली गो बाय. वॉचमन म्हणता, आता नोटीस पक्की झाली. असांच रवलां तर माका ह्यां काम सोडूचां लागात.”

आईने त्यांना पाणी दिलं. “त्या सेक्रेटरीला कोण सांगणार?” ती पुटपुटली.

नोटीस पक्की कोणी केली, ते मावशींना माहीत नव्हतं. त्यांनी गुडघा चोळत माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं हसल्या. ते हसणं मला झेपलं नाही. मी चपला घातल्या आणि जिन्याने उतरले. काय बोलायचं ते पाचही मजले जुळवत होते. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

काका फळ्यापाशीच होते, कमिटीतल्या दोघांबरोबर.

“काय गं, जिन्याने? लिफ्ट बंद आहे का?”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. कान तापले. जुळवलेलं सगळं विसरले.

“काका, चावी द्या. ह्या कागदावरचा एकेक शब्द माझा आहे, आणि मी तो काढतेय.”