देठाला धर

आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात परदेशी सिनेमा फुकट दाखवला. भाषा कळणार नव्हती, पंखे होते म्हणून गेले. शेजारी एक अनोळखी बाई होती. पिंपळगावला द्राक्षं तोडायला जाते म्हणाली. पडद्यावर द्राक्षाचा मळा आला तशी तिची बोटं मांडीवर कात्रीसारखी हलू लागली.

एका गोऱ्या पोरीने घड मुठीत धरला. ही मोठ्याने म्हणाली, "अगं, देठाला धर. मण्यांवरची पांढरी पावडर पुसली जाईल, मग भाव नाय."

पुढचा माणूस वळला. "मावशी, सिनेमा कळत नसेल तर बाहेर बसा."

"सिनेमा नाय कळत, द्राक्ष कळतंय," ती म्हणाली, पण उठायला लागली. सिनेमात बडबडणारी माणसं मला सोसत नाहीत. तरी मी तिला खाली ओढलं. "बस गं. त्याच्या बापाचं थेटर नाही."

तेवढ्यात पडद्यावर एका म्हातारीने पोरीच्या हातावर चापट मारली आणि घड देठाला धरून दाखवला. बघणारे सगळे हसले, टाळ्या वाजल्या. बाई पदरात तोंड घालून हसत राहिली.

थोड्या वेळाने तोच माणूस मागे वळला. "मावशी, आता ती म्हातारी काय करतेय?"

"आता गप बसा," ती म्हणाली. "मला बघू द्या."