कडब्याच्या गंजीखालचं पाणी

समस्त वाचकांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं, की माझ्या सासऱ्यांवर चोरीचा आळ आला तो माझ्यामुळं, आणि तोही माझ्याच कादंबरीच्या शहात्तराव्या पानावरून. टोपी काढून ऐका. हसायचं नंतर.

मी कुमारवयीन वाचकांसाठी रहस्यकादंबऱ्या लिहितो. या धंद्यानं माणसाची नजर नासते. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कुणी चहा अर्धा टाकून उठलं, तरी मला वाटतं यानं कुठंतरी काहीतरी पुरलंय. बायको म्हणते, "तुमी आरशातबी संशयानंच बघता."

सासुरवाडी युसूफ वडगावच्या पुढं, आडवळणाला. सासरे, म्हणजे आमचे मामा, गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी. इतका सरळ माणूस की त्यांच्याशी बोलताना मला उगाच गुन्हेगार असल्यासारखं वाटायचं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, शीतकरण केंद्रातून आपले कॅन वापस येऊ लागलेत. दूध पातळ हाय म्हणतेत. मी हरेकाच्या दुधाला डिग्री लावतो, समद्यांचं बरोबर भरतं. अन् कॅनमदी पाणी! पुस्तकात लई चोर धरता, ह्यो एक धरा की."

दोन दिवस सकाळी मी सोसायटीत वही घेऊन बसलो. मामा एक डोळा मिटून, श्वास रोखून प्रत्येकाच्या दुधात डिग्री, म्हणजे पाणी पकडणारी ती काचेची नळी, सोडत. सगळ्यांचं झालं की सासूबाईंनी भरून दिलेली घरची किटली सरळ कॅनमध्ये रिकामी करून झाकण लावत. रांगेतले लोक माझ्याकडं बघून कुजबुजत, "ह्यो कावून बसलाय बे? वरून पाठवला का काय?"

चोर काही सापडला नाही. सापडलं ते एक वाक्य. दुधात पाणी घालायला आधी पाणी लागतं! टँकर चौथ्या दिवशी येतो, तांदूळ धुतलेलं पाणी लोक म्हशीला पाजतात, घरोघरचे आड कोरडे पडून बुजलेत, अशा गावात दुधात ओतायला पाणी आहे कुणाकडं? मी नाचतच बीडला परतलो आणि लिहायला बसलो.

रहस्यकथेत चोर असा हवा, ज्याच्यावर कुणाचा संशय जाणार नाही. म्हणून मी सोसायटीचा सेक्रेटरीच चोर केला. त्याचं बोअर कडब्याच्या गंजीखाली लपवलं. आणि त्याला जिवंतपणा यावा म्हणून मामांचा तो मिटलेला डोळा उसना घेतला. न विचारता. कला म्हणतात ती हीच.

दुष्काळ दुसऱ्या वर्षीही मुक्कामाला राहिला, आणि पुस्तक आलं. सासुरवाडीच्या हायस्कुलात मी स्वतःच्या हातानं प्रती वाटल्या. घरी गेलो तर सासूबाईंनी नेहमीसारखी पाय धुवायला भरून बादली दिली. जावयाचा मान! मी बादलीभर पाणी पायांवर ओतून घेतलं. तांब्या हातात देत त्यांनी एवढंच विचारलं, "पुस्तकातला चोर पाणी लपवतो कुठं?"

"कडब्याखाली."

तोंडाला पदर लावून त्या बराच वेळ हसल्या. त्या दिवशी माझ्या चहात दूध जरा जास्तच पडलं. मला वाटलं, लेखक म्हणून पहिल्यांदाच कौतुक होतंय.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात अर्धं गाव उभं. पुढं सोसायटीचे चेअरमन, हातात माझं पुस्तक, शहात्तराव्या पानावर बोट. पोरांनी तो मिटलेला डोळा बरोबर ओळखला होता.

"अहो, ती कल्पना आहे!" मी ओरडलो.

"जावई घरातला माणूस," चेअरमन गर्दीला म्हणाले. "त्याला ठावं असल्याबिगर लिहील व्हय?"

"तरीच म्हनलं, गेल्या साली वही घेऊन बसलता," मागून कुणीतरी म्हणालं. "सासऱ्यावरच नजर ठिवून होता की!"

मामा हळू आवाजात म्हणाले, "गंज उपसा. पाणी निघालं तर सेक्रेटरीपद सोडतो, अन् गावबी सोडतो." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. आजवर मी लिहिलेल्या एकाही खुनात तशी नजर नाही.

त्या वर्षी कडबा म्हणजे घरातलं सोनं. दोन म्हशी त्याच गंजीवर पावसाळ्यापर्यंत तगणार होत्या. एकदा उधळला, धुळीत तुडवला गेला, की जनावरं तोंड लावत नाहीत. दोन गडी गंजीवर चढले. पहिल्या चार पेंढ्या खाली आल्या, लोक त्यांच्यावरूनच पुढं सरकले. मी गंजीला पाठ लावून हात पसरून उभा राहिलो, आणि एकानं मला कडब्याच्या पेंढीसारखंच उचलून बाजूला ठेवलं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या. हात पिठानं भरलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. आल्या त्या थेट पेंढ्यांवर आडव्या झाल्या आणि चेअरमनकडं बोट रोखून ओरडल्या,

"कडब्याला हात लावू नगा! ह्यांना कायबी ठावं न्हाई! पाणी गव्हाणीखालच्या आडात हाय!"