फेट्याचा बोळा

महिन्यापूर्वी सकाळीच नामदेव महाळुंग्यात आमच्या दारात जीप घेऊन आला. इंजिन चालूच ठेवून खाली उतरला. "मास्तर, भिवाभाऊ गेले. चला, बसा." मंचरपर्यंत जीपचा आवाज निरोगी येत होता, आणि तो ज्याच्यामुळे निरोगी होता त्याच्याच मातीला आम्ही निघालो होतो.

भिवाभाऊ मंचरला हायवेलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल गाड्या दुरुस्त करायचे. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, भाऊंनी पाने-पक्कड धरली. शेडला पाटी नव्हती. "पाटी वाचून आलेलं गिऱ्हाईक लई शिकवतं," म्हणायचे. आमच्याकडे तेव्हा माणसापेक्षा पाटी मोठी असण्याची साथ होती, त्यामुळे हा माणूस मला तिथंच आवडला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या थोरल्या भावाची, दादांची, जुनी जीप मंचर ते तळेघर प्रवासी घेऊन चालायची. ड्रायव्हर तळेघरचाच नामदेव. इंजिन इतकं चाललेलं, की किलोमीटरच्या काट्यानं मोजणं सोडून दिलं होतं. एका उन्हाळ्यात ते ऑइल गाळू लागलं. दोन गॅरेजांत सील बदलून झाली, पॅकिंग बदलून झाली. आठ दिवसांत पुन्हा तेच. मग दादांनी स्वतःच निदान केलं: नामदेव गाडी हाणतो, त्यानंच वाट लावली. त्यांनी किल्ली मागितली. नामदेवानं ती टेबलावर ठेवली आणि एसटीनं घरी गेला. 'गाडी हाणणारा' असं एकदा नाव झालं, की त्या रस्त्यावर दुसरी गाडी त्याच्या हातात कोण देणार?

दादा जीप विकायला निघाले होते. शेवटचा उपाय म्हणून मी ती भिवाभाऊंकडे नेली. भाऊंनी काहीच खोललं नाही. डिझेल आणि ब्रश घेऊन सगळं इंजिन धुतलं आणि बिडी ओढत बसले. मी म्हटलं, "भाऊ, कुठलं सील गेलंय?" "अजून वाळलं न्हाई, मास्तर. पेपर वाचा." वाळल्यावर त्यांनी तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा काढून इंजिनावर शिंपडला. शेजारचा ट्रकवाला ओरडला, "भाऊ, हळद कवा?" "तुजा ट्रक आण, जोडीनंच उरकू."

जीप दहा मिनिटं चालवली. पांढऱ्या पावडरीवर काळे ओघळ उमटले, एका ठिकाणी नाही, सगळ्याच जोडांवर. भाऊ हसले. "एक जागा गळली तर ती जागा खराब. सगळ्याच गळत्यात, म्हंजी आत कोंडलंय." इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, ब्रीदर. जुन्या इंजिनाला तिची गरज जास्त. भाऊ खाली शिरले आणि त्या नळीतून तारेनं एक चिंधी ओढू लागले. हातभर निघाली. ऑइलनं काळी, एक टोक अजून गुलाबी.

ते टोक मी ओळखलं. त्याच्या दोन महिने आधी गावात एका बड्या पाहुण्याचा सत्कार होता. मी सत्कारांना हसतो हे गावाला माहीत आहे. बहुधा म्हणूनच फेट्यांचं काम माझ्याकडे दिलं होतं. पाहुण्याला आणायला जीप जाणार होती. ब्रीदरचा धूर तळातल्या भोकातून पुढच्या सीटवर यायचा, पाहुण्याचे कपडे पांढरे... उरलेल्या फेट्याची पट्टी फाडून मीच नळीत ठासली, वरून तार आवळली. पाहुणे पांढरेशुभ्र पोचले, दीड तास बोलले, आणि मी बोळा काढायला विसरलो.

"नामदेव फेटा बांधतो काय?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"मग दादा?"

"भाऊ, दादांना सांगू नका."

"मी कशाला सांगू? माजं काम ऑइलचं. परवा गाडी तयार व्हईल. पर तुमी बोलल्याबिगर शेडमदनं हलायची न्हाई."

त्यांनी दाबानं फाटलेली पॅकिंग बदलली, ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून धूर पार मागं नेला. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर जीप सावलीत उभी. भाऊंनी चहा पाजला आणि ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. चौथ्या दिवशी मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "तू? तू तर सत्कारांना हसतोस." ते लागलं. लागायलाच हवं होतं.

आम्ही दोघं एसटीनं तळेघरला गेलो. नामदेव भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, धुरात डोळे पुसले. "मास्तरांचं कळलं. दादा, तुमी काय म्हणताय?"

"चुकलो, नामदेव."

"मंग येतो. पर किल्ली भाऊंच्या हातनं घेणार."

तशीच घेतली. पुढं दादांकडून जीपही त्यानंच विकत घेतली.

मातीहून परतताना नामदेवानं त्या बंद शेडसमोर जीप उभी केली आणि चालू इंजिनावर बॉनेट उघडलं. घाट चढण्याआधी रोज पाच मिनिटं तो इथं असाच थांबायचा. भाऊ हात पुसत बाहेर येऊन नुसती मान हलवायचे. त्या दिवशी कोणी आलं नाही. नामदेवानं पाच मिनिटं पुरी होऊ दिली. मग जोडांवरून स्वतः बोट फिरवलं, ते उजेडात धरून पाहिलं, कोरडं होतं... आणि तळेघरच्या वाटेवर ताटकळलेल्या माणसांना हाक मारली, "या, बसा."