रामकलीकडे जुनी लुगडी घेऊन जाऊ नका

पंधरा वर्सं जी बाई आमच्या वावरातले कांदे काढून राहिली, तिचं नाव आमच्या घरात एकालेही माहीत नव्हतं. म्हशीले नाव आहे, ट्रॅक्टरवर नाव रंगवलं आहे. बाई मात्र कोरकू लोकांतली, म्हणून नुसती "कोरकीन". मेळघाटातून टोळीबरोबर यायची, वावरात राहायची, काम संपलं की जायची. आता माझा नमस्कार घ्या. मी चांदूर बाजारची, भाजीपाल्याच्या घरची, चौथीपर्यंत शिकलेली म्हातारी.

यंदा टोळी आली, ती आली नाही. मुकादमाले विचारलं तर म्हणे, "ती म्हणते, त्या घरी नाही जात." माझा पोरगा सुधाकर म्हणाला, दुसरी आणू. मले ते पटलं नाही. एवढ्या वर्सांची बाई आमचंच घर टाळते, म्हणजे काहीतरी झालं. मुकादमाकडून गाव विचारून घेतलं आणि सुनेले, सुनंदाले म्हटलं, चाल.

सकाळच्या पहिल्या गाडीनं परतवाडा गाठा. पुढं धारणीकडची एसटी सेमाडोहवरून जाते. माझी पंचाहत्तरी झाली म्हणून मले तिकीट नाही, सुनेले अर्धं. स्टँडवर आलूबोंडा मिळते, पण घाट वळणावळणाचा, म्हणून एकच खा. आमच्या सुनंदानं तीन खाल्ले आणि घाटभर लिंबू हुंगत बसली.

"काहून, तुझ्या माहेरी अकोल्याले घाट नसते का?" मी विचारलं.

"अकोल्याले सासूही नव्हती," ती म्हणाली.

सेमाडोहले लोक वाघ पाहाले येतात. आमी वाघ शोधला नाही. तिथून आत जीपनं गेलो. मोबाइलले रेंज नाही, सुटे पैसे जवळ ठेवा, आणि परतीची शेवटची गाडी विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गाव म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन ओळी, मधात सरळ रस्ता. आमच्या गल्लीपेक्षा स्वच्छ, हे लिहाले मले जड जाते. पहिल्याच घरी एक म्हातारा बाज विणत होता.

"किसके घर?"

"आमच्याकडे कांद्याले येते, त्या बाईकडे."

"नाव?"

माझ्या तोंडून निघालं, "कोरकीन."

त्यानं दोरी ताणली. "इधर सबच कोरकीन है, माय. मेरी बुढिया भी."

सुनंदानं सांभाळलं. डावखोरी आहे, हनुवटीवर गोंदलेलं आहे.

"अच्छा, रामकली."

रामकली अंगणात सूप घेऊन कुटकीचे बारीक दाणे पाखडत होती. आमाले पाहून लगेच उठली नाही. हातातलं सूप संपवलं, मग पाणी दिलं, बाज टाकली. मी जुन्या लुगड्यांचं गाठोडं तिच्यासमोर ठेवलं. आमच्याकडं मेळघाटात निघालं की आधी पेटी उघडून जुनं काढतात. तसं मीही काढलं.

तिनं गाठ सोडली. वरचं हिरवं लुगडं उलटून पाहिलं. "हे तुमी कांदे निवडतांनी नेसत होत्या."

"अजून चांगलं आहे."

तिनं गाठ पुन्हा बांधली आणि गाठोडं माझ्या गुडघ्याशी आणून ठेवलं. "थंडीत गाड्या येतात, माय. कपडे वाटतात, फोटो काढतात, जातात. तुमाले मी पाहुणी म्हणून बसवलं."

मग मी विचारलं, "यंदा काहून नाही आली?"

"मागच्या साली सासू मेली. निरोप आला तसं सुधाकरभाऊले म्हटलं, घरी जाते. भाऊ म्हणाले, कांद्याची गाडी भरू दे, मग जा. दोन दिवसांनी पोहोचली. मिट्टी होऊन गेली होती. भाऊ बोलले तेव्हा तुमी तिथंच बसल्या होत्या."

बसली होती. ऐकलं होतं. खाली मान घालून कांदे निवडत राहिली. माझी सासू गेली तेव्हा आमी तेरा दिवस वावरात पाय ठेवला नव्हता.

"चुकलं," मी म्हटलं. "त्याचं चुकलं आन् माझंही."

ती उठून आत गेली. कोरा चहा आणला. तिचे आन् आमचे कप एकसारखे. आमच्या विहिरीवर टोळीचे कप वेगळ्या खुंटीला असतात. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी चहा पेली.

नंतर तिनं गावाबाहेर एका झाडाखाली नेलं. गेलेल्या माणसांच्या नावानं कोरून उभे केलेले लाकडी खांब होते, मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा माणूस. सुनंदानं आधी विचारलं, फोटो काढू का? रामकली नाही म्हणाली. म्हणून इथं फोटो नाही.

सासूचा मुंडा अजून व्हायचा आहे. सागाचं लाकूड आणून ठेवलं आहे. "झाला की बोलावते," ती म्हणाली.

"कोणी कोणी यायचं?"

"ज्यानं थांबवलं, त्यानं."

कांद्याले परत येशील का, हे मी विचारलं नाही. विचाराले तोंडच नव्हतं. घरी आल्यावर ती लुगडी फाडून फरशी पुसाले काढली. विहिरीवरचे कप सुनंदानं स्वयंपाकघरात आणले आणि आमच्या कपांत मिसळून टाकले. आता कोणता कोणाचा, मलेही ओळखू येत नाही. सुधाकरले सगळं सांगितलं. तो ताटावरून उठून गेला.

तर सुधाकर, हे तुझ्यासाठी आहे, बाकीच्यांनीही वाचलं तर वाचू दे. तिच्या गावात रेंज नाही. मुंडा झाला की ती सेमाडोहले येऊन फोन करेल, आन् एकदाच करेल. तो सुनंदानं उचलायचा नाही, मी तर नाहीच. गाडी भरत असला तरी तूच उचलायचा, आणि आधी तिचं नाव घ्यायचं.