चान्सेस गुड आहेत

लोखंडाच्या कारखान्यात जन्म घालवला की त्याचा बारीक कीस कुठंकुठं शिरतो. खिशात, चपलेत, डब्याच्या झाकणात. किश्शांचंही तसंच. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण झटकायला गेलं की पडतात. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पुष्कळ पडले.

बाकावर आम्ही तिघं. मी, कोहक्याचा शंकर आणि मधे डोमाजी. प्लांटात एकाच गँगचे, आता रिटायर. आत डोमाजीच्या बायकोचं, कौसल्यावहिनींचं, हार्टचं ऑपरेशन चाललेलं. डॉक्टर सांगून गेले होते, "चान्सेस गुड आहेत."

डोमाजी म्हणे, "मले हो सांगा, नाही तं नाही सांगा. हे मधातलं कावून देऊन राहिला तो?"

मी शाळेत गेलो नाही. माझं सारं इंग्रजी साहेबांच्या तोंडून ऐकलेलं. काय समजावणार? मग जुन्या गोष्टी काढल्या.

*

आमच्या साहेबांच्या शब्दावर गँगचा डबा ठरायचा. साहेब म्हणाले, "जॉब प्रॉबेबली चारला संपेल," की घरी निरोप जायचा, रात्रीचा डबा पाठवा. "डेफिनेटली चारला" म्हणाले की डब्यासोबत चादर पण! आणि "आज इम्पॉसिबल आहे" म्हणाले की डोमाजी ओरडायचा, "हात धुवा रे, होऊन राहिलं!"

एकदा मात्र साहेब "डेफिनेटली" म्हणाले आणि काम खरंच चारला संपलं. सारी गँग चादरी काखेत घेऊन गेटापाशी दुसरा डबा खात बसली.

शंकर म्हणे, "या साहेबाचा आता काही भरवसा नाही राहिला!"

*

शंकरच्या जावयाचा फोन आला, "बाबूजी, दिवाळीला आम्ही मोस्टली येतो." शंकरच्या घरी वहिनींनी चौघांच्या हिशेबानं पुरणपोळ्या केल्या. मुलगी आली, दोन्ही नातवंडं आली. जावई नाही.

वहिनी चिडल्या. शंकर शांत.

"खोटं नाही बोलला पोरगा. मोस्टली आले ना!"

*

डोमाजीची नात बारावीचा पेपर देऊन आली. यानं विचारलं, "कसा गेला?"

"आय थिंक, अच्छा गया, आजोबा."

"अवं, थिंक तिथं करायचं होतं ना बाई! इथं येऊन कावून करून राहिली?"

*

डोमाजी जरासा हसला. पण डोळे दारावरच. तेवढ्यात वॉर्डातला एक माणूस बाहेर आला. डोमाजीनं त्याचा हातच धरला. "भैया, सब ठीक होगा ना?"

"होप सो, बाबा."

डोमाजी परत येऊन बसला. "हा बी सरळ हो देत नाही गा."

*

 शंकरनं चहा आणला, तो तसाच निवला. आणि डोमाजी आपणहून बोलायला लागला.

"मी तिले पाहाले गेलतो नं, तवा तिच्या बापानं विचारलं, पोरगा पसंत हाय का? तं म्हणे, 'पाहू.' लगन झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. मी मधून मधून विचारतो. अजूनही म्हणते, 'पाहू.'"

 शंकरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बे, तिचं हो तं अजून यायचंच हाय," डोमाजी म्हणाला.

*

संध्याकाळी नर्स बाहेर आली.

"कौसल्याबाई के साथ कौन है?"

आम्ही तिघंही उभे राहिलो.

"ऑपरेशन अच्छा हो गया. होश में हैं, बात कर रही हैं."

डोमाजी दाराकडं सरकला.

"आपको ही पूछ रही हैं, बाबा. बोल रही हैं, घर से निकलते टाइम गैस बंद की थी कि नहीं?"

डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं. शंकरकडं पाहिलं. गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"तिले सांगा," म्हणाला, "प्रॉबेबली!"