तंबूचं नाक

माझ्या भावजींना सगळा बाजार 'डबलटाका' म्हणतो. ज्याने हे नाव ठेवलं त्याने नेमकं ठेवलं. जिथे एका टाक्यात भागतं तिथे हा माणूस दोन घालतो, आणि वर गिऱ्हाइकाला ऐकवतो, "एक तुमच्यासाठी आणि एक मला रात्री झोप लागावी म्हणून." तंबू, ताडपत्र्या, ट्रकवरची झाकणं, हा त्यांचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दारात मशीन, मध्ये कापायचं टेबल आणि शेवटी खिडकीशी माझ्या ताईची खुर्ची. मशीनवर भावजी आणि हातशिलाईला ताई, अशी अठ्ठावीस वर्षं गेली. कोपरे, दोरीची भोकं, दाराच्या पट्ट्या, जिथे मशीनची सुई पोचत नाही ते सगळं ताईचं. दिवसभर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायची आणि तशीच भांडायचीसुद्धा.

ती खुर्ची आता रिकामी आहे. ताई गेली त्याला दोन वर्षं झाली आणि त्या दोन वर्षांत मी दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी गेले ती भाचीसाठी. भाची म्हणजे ताईची एकुलती एक लेक, परगावी नर्स आहे. तिने मला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, तो तंबू बाबांच्या दुकानात आहे तोवर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. ज्यात आई गेली तो खुंटीला टांगून हा माणूस खाली बसून जेवतो कसा?"

म्हणजे तंबू तेवढा बाहेर काढायचा, की लेक घरी येणार होती. इतकं सोपं होतं. आणि भावजी तेवढं करायला तयार नव्हते. निरोप गेले, शेजारचा सायकलवाला समजावून आला, पण ढिम्म. शेवटी मी म्हटलं, मीच जाते. मी पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांवर खेकसते. माझ्यापुढे भले भले निमूट फॉर्म भरतात.

पण आधी तंबूचं सांगायला हवं.

भावजींच्या प्रत्येक तंबूला मागच्या बाजूला, वर, वीतभर झरोका असतो. त्यावर कापडाचं झाकण, खालून उघडं. याला ते तंबूचं नाक म्हणतात. "माणूस आत श्वास सोडणार, त्याची वाफ जायला नको? नाही गेली तर कापडाला आतून घाम येतो आणि वर्षात कुजतं." हे व्याख्यान मी निदान पन्नास वेळा ऐकलंय. नाक नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चक्क परत पाठवायचे. नाकाचा उपयोग कापड टिकवण्यापुरता, असंच त्यांना वाटायचं, आणि ताईलाही. दुसरा काही उपयोग असेल हे त्या दुकानात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्यांसाठी इतके तंबू शिवले, पण ताई स्वतः तंबूत एकदाही झोपली नव्हती. उन्हाळ्यात लोक समुद्रावर जायचे तेव्हा हिच्यापुढे कामाचा डोंगर. रिकामा वेळ मिळायचा तो ऐन थंडीत. दोन वर्षांपूर्वी ती हटूनच बसली. दक्षिणेच्या टोकाला, किनाऱ्यापासून लाँचने पाऊण तासावर, एक बेट आहे. तिथले तंबू सगळे भावजींच्या हातचे. "मला एक रात्र तिथे काढायची. थंडी तर थंडी. तुम्ही नाही आलात तर मी धाकटीला घेऊन जाईन." धाकटी म्हणजे मी. मी तेव्हा सुट्टी नाही म्हणून सांगितलं होतं. सुट्टी होती. थंडीत वाळूवर झोपायचा मला कंटाळा होता, इतकंच.

शेवटी भावजी गेले. दोघांसाठी नवा तंबू शिवला, बदामी रंगाचा. ताईचे गुडघे थंडीत आखडायचे म्हणून सोबत लोखंडी शेगडी आणि कोळसे घेतले. अंडी, ब्रेड, उकडलेले बटाटे, चहापुरता छोटा स्टोव्ह, एक टॉर्च. निघताना ताईने मला फोन केला. नव्या नवरीसारखी हसत होती. मी म्हटलं, "म्हातारचळ लागलाय दोघांना." तिच्याशी मी शेवटचं बोलले ते हे.

पुढचं मला कळलं ते भावजींनी पोलिसांना सांगितलं तेवढंच. बेटावर चिटपाखरू नव्हतं. रखवालदाराने सुरूच्या झाडांजवळ जागा दाखवली आणि तो आपल्या खोलीत जाऊन झोपला. वारा सुटला. दोघांनी शेगडी तंबूत घेतली. उजाडायच्या आधी भावजी जागे झाले ते डोकं फुटायला आलेलं, पोटात ढवळत होतं. अंडी बाधली असं त्यांना वाटलं. रांगत बाहेर आले, उलटी झाली. आत ताई झोपली होती. रोज रात्री चारदा उठणारी बाई इतकी गाढ झोपलेली बघून त्यांना तिला उठवायचं जिवावर आलं. वारा तिला लागू नये म्हणून त्यांनी दाराच्या नाड्या बाहेरून बांधून घेतल्या आणि वाळूत बसून राहिले. चांगलं उजाडल्यावर स्टोव्हवर चहा केला आणि कप घेऊन आत गेले.

कोळशाचा वायू, डॉक्टर म्हणाले. त्याला वास नसतो. झरोका उघडा असता तर कदाचित वाचली असती. पण झरोका शिवून बंद केलेला होता. कुणी शिवला, असं पोलिसांनी विचारलं. भावजी म्हणाले, "मी."

नाकाशिवाय तंबू न विकणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोच्या तंबूचं नाक याने शिवलं! भाचीच्या डोळ्यांत तर अंगार होता. "मी दर थंडीत असले पेशंट बघते, बाबा. एक फोन केला असतात तर शेगडी आत घेऊ दिली नसती." मी त्याहून पुढे गेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही मारलंत माझ्या ताईला." भावजींनी मान हलवली, हो म्हटल्यासारखी. त्याचाही मला राग आला. निदान भांडायचं तरी!

पोलिसांनी सहा महिन्यांनी तंबू परत केला. भावजींनी तो घडी घालून ताईच्या खुर्चीमागच्या खुंटीला टांगला.

मी दुकानात शिरले तेव्हा ते मशीनवर होते. खूप वाळले होते. खोकला तसाच, हिवाळा आला की धरणारा, कापडाच्या धुळीचा. मला बघून उठले, स्टूल पुसलं. "बस. चहा सांगू?"

"चहा प्यायला नाही आले. तंबू न्यायला आलेय."

"तो राहू दे."

"लेक हवीय की तंबू? एकदा काय ते सांगून टाका."

ते खाली वाकले. मशीनखाली पडलेला दोरा उचलून बोटाला गुंडाळत राहिले. माझं डोकं फिरलं. मी तरातरा मागे गेले, खुंटीवरून तंबू ओढला आणि टेबलावर आदळला. घडी सुटली. कापडाला धुराचा वास होता, अजून. झरोक्याची बाजू नेमकी वर आली.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते टाके पाहिले.

माझी ताई डावखुरी. कडेवरून वळवून घातलेले बाकी जगाचे टाके उजवीकडे झुकतात, तिचे डावीकडे. माझ्या शाळेच्या दप्तराचा बंद तिने शिवला होता आणि वर्गातल्या पोरी मला चिडवायच्या, "तुझं दप्तर उलटं आहे." तेच टाके. जवळजवळ, घट्ट, वारा शिरायला फट नाही. फक्त शेवटची गाठ सैल होती आणि दोऱ्याचं टोक बोटभर लोंबत ठेवलेलं, ओढलं की सगळं सुटावं असं.

मी ताईच्याच खुर्चीत बसले.

"हे तिने शिवलंय."

भावजींनी आधी जाऊन दुकानाचं दार लोटलं. मग टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. "मी कोळसे पेटवायला बाहेर गेलो होतो. मला खोकला येत होता ना. आत आलो तर ही टॉर्च तोंडात धरून शिवत बसलेली. म्हटलं, अगं, नाक शिवलंस होय? तर म्हणाली, इथून गार वारा थेट तुमच्या छातीवर येतोय. एका रात्रीत काही कुजत नाही तुमचं कापड. सकाळी उसवते."

त्यांनी टाक्यांवर बोट ठेवलं.

"सकाळी उसवते म्हणाली."

दोन वर्षं मी या माणसाला काय काय म्हणत होते ते सगळं एकदम आठवलं. माझी मलाच शरम वाटली.

"मग सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला तोंडावर खुनी म्हटलं. लेक तुटली तुमची!"

"दार तर मीच बांधलं होतं. बाहेरून. दोन गाठी मारून." मग म्हणाले, "आणि लेकीला कसं सांगू? तिच्या आईने स्वतःच्या हाताने... नर्स आहे ती. असा प्रत्येक पेशंट आला की तिला आईचे हात दिसतील. त्यापेक्षा मी बरा. माझ्यावर रागावता तरी येतं. आईवर रागावून कुठे जाईल पोरगी?"

"मग हा तंबू जाळून का नाही टाकलात?"

"उसवून टाकायचं ठरवलं होतं. म्हणजे कुणाला कळलं नसतं. बसलो कितीदा. दोरा धरायचा आणि ओढायचा, एवढंच." त्यांनी ते लोंबतं टोक दोन बोटांत धरून दाखवलं आणि सोडून दिलं. "होत नाही माझ्याच्याने. तिचं शेवटचं काम आहे ते."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्यांनी मला नाक पुसायला दिलं ते कॅनव्हासचं चिंधूक. असल्या वेळी हसू येऊ नये, पण आलं.

मग मी म्हटलं, "कात्री कुठाय?"

"नको गं."

"उसवायचं नाही. तेवढा तुकडा कापून घ्या आणि ठेवा. बाकीचा मी नेते. लेक येईल तुमची."

त्यांनी तंबू टेबलावर नीट पसरला. मग मोठी कात्री घेतली. टाक्यांपासून चार बोटं जागा सोडून, खडूने रेघ मारून, चौकोन कापला. कापल्यावर कडेचे धागे सुटायला लागले, तर ते त्यांना बघवेना. तिथेच मशीनवर बसले आणि चारी कडा दुमडून शिवल्या. दुहेरी. मग तुकडा ताईच्या खुर्चीखालच्या पेटीत ठेवला, तिच्या सुयांशेजारी. उरलेला तंबू मी रिक्षात घातला आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकून आले. पाठीला तेवढं भगदाड पडलेलं, वारा त्यातून खुशाल आरपार जात होता.

त्याआधी, दुकानातून निघताना, भावजींनी माझ्याकडून वचन घेतलं होतं, लेकीला यातलं काही सांगायचं नाही. मी दिलं. देताना मला वाटलं, हे सोपं आहे.

भाची पुढच्या रविवारी आली. दारातूनच तिने खुंटी बघितली. मग आत आली, बापाच्या पाया पडली नाही, पण त्यांच्या खोकल्याचं औषध आणलं होतं ते मशीनवर ठेवलं. चहा झाला. बोलणं सगळं माझ्यामार्फत. "मावशी, त्यांना विचार, जेवण वेळेवर होतं का?" भावजी दोन हातांच्या अंतरावर बसलेले, आणि मी मध्ये पोस्टमन. आईच्या खुर्चीवरून तिने एकदा हात फिरवला. तिच्या पायाशी ती पेटी होती. मी तिकडे बघायचं टाळलं.

जायला उठली आणि पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलली. "बाबा, एकच विचारते. सगळ्या जगाला नाकाचं सांगत फिरायचात. मग ते शिवलंत कशाला?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थंडी होती गं. चुकलं माझं."

"आणि आई? आई काहीच म्हणाली नाही तुम्हाला?"

माझ्या जिभेवर आलं होतं. सांगते, माझ्या जिभेवर अगदी आलं होतं. या माणसाला एकदा तरी सोडवायला हवं होतं.

"म्हणाली ना," भावजी म्हणाले. "सकाळी उसवा म्हणाली."

भाची दारात उभी होती ती तिथेच खाली बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बापाजवळ रडली. मी कपबशा उचलल्या, मागे मोरीवर नेल्या आणि नळ मोठा सोडून उभी राहिले.