न ढवळलेलं दूध

"ए बाई, हात लावू नकोस. लांब उभी राहा."

अन्नभेसळ खात्याचा इन्स्पेक्टर माझ्या आईला म्हणाला. आई त्याच्या आईच्या वयाची. कॅन आमचा, म्हशी आमच्या, आणि आम्ही दोघी जिन्याखाली चोरासारख्या उभ्या. मुलुंडच्या त्या सोसायटीत आम्ही दोन वर्षं दूध घालत होतो. कुणीतरी सेक्रेटरीच्या कानात सांगितलं, या डोंगराकडच्या बौद्धवस्तीतल्या. त्याच आठवड्यात तक्रार गेली.

"यांच्या हातचं दूध पोरांना पाजत होतो आपण," सेक्रेटरी वरच्या पायरीवरून म्हणाला. आम्हाला ऐकू जाईल असं.

संपात वडिलांची गिरणी गेली तेव्हा आईने या दोन म्हशी घेतल्या. परवाना तिच्या नावावर. नमुना नापास झाला तर सहा महिने आत, असं मी ऐकून होते. आई आत गेली तर? डोक्यात तेवढंच.

इन्स्पेक्टरला दोन पंच हवे होते. कुणी पूजेला बसलेलं, कुणी अंघोळीला गेलेलं. तासभर कॅन तसाच. दूध उभं राहिलं की मलई वर येते, खाली पातळ राहतं. म्हणून आई प्रत्येक माप भरायच्या आधी तळापासून ढवळायची. पहिल्या गिऱ्हाइकाला मिळेल तेच शेवटच्याला मिळालं पाहिजे, हा तिचा हट्ट. आता तिला हात लावायची बंदी.

पंच आले. इन्स्पेक्टरने वरचा थर मापानेच बाजूला सारला आणि खालून भरून घेतलं. तीन बाटल्या. दूध नासू नये म्हणून कसल्याशा औषधाचे थेंब. लाखेचं सील.

"साहेब, ढवळलं नाय," आई पुटपुटली.

"मला शिकवतेस? पंचनाम्यावर अंगठा लाव."

आईने अंगठा शाईला लावला. मी तिचं मनगट धरलं. कसं धरलं, मला माहीत नाही.

"अंगठा नाही लावणार," मी म्हणाले. "आधी लिहा, दूध न ढवळता घेतलं."

"तू कोण गं?"

"तिची मुलगी. दहावी झालेय. तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहिते."

त्याने पोलिसांचं नाव काढलं. आई कुजबुजली, "सोड गं, नसतं झेंगट." मला रडू आलं, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने पंचनाम्याचा कागद ओढला आणि तेच लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली. वाचता येत होती, बस्स. मग आईने अंगठा लावला.

मलई कमी म्हणून नमुना नापासच झाला. खटला चालू आहे.

कायद्याशी माझं भांडण नाही. पोरांच्या पोटात घाण जाऊ नये, हे आम्हालाही कळतं. आमच्याही घरात पोरं आहेत. पण टेम्पोभर दूध आणणाऱ्या तबेलेवाल्याला तोच साहेब हसून रामराम करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी घाबरते. अजूनही घाबरते. तरी प्रत्येक तारखेला जाणार, माझ्या हातचा तो कागद पुढे काढा म्हणणार. आणि आमच्या हाताने तळापासून ढवळल्याशिवाय त्या कॅनमधला थेंब कुणाला मिळणार नाही. सरकारलासुद्धा.